मोठेपणी एडीएचडीचं निदान झालंय. रोजचं आयुष्य कसं निभावता?

एडीएचडीचं (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार) निदान होऊन महिना झाला, गोळ्यांशिवाय जमेल का, ऑफिसात सांगावं का, असं तुम्ही विचारलंय. खरं सांगायचं तर त्यासाठी मी थांबले नाही. थांबले ते शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात त्या ओळीपाशी: 'घरचे म्हणतात, एवढं तर सगळ्यांचंच होतं, तू मनावर घेत नाहीस.' आमच्या घरात हे वाक्य दादाचं. मी आज ४१ वर्षांची आहे, निदान ३८ व्या वर्षी झालं, आणि हे वाक्य शाळेत असल्यापासून ऐकत आलेय. तेव्हा उत्तर लांबणार. कंटाळा आला तर खाली गजरांबद्दल लिहिलंय तेवढं वाचा. आपल्यासारख्यांनी अख्खं वाचावं अशी माझी अपेक्षा नाही.

मी बावीस वर्षांची असताना दादाला एका नोकरीचा अर्ज टपालाने पाठवायचा होता. त्याची ड्यूटी अशी, की टपाल कचेरी उघडायच्या आत तो घराबाहेर आणि बंद झाल्यावर घरात. मी रोज त्या कचेरीवरूनच जायचे. त्याने पाकीट माझ्या हातात दिलं. 'आठ दिवस आहेत, पण उद्याच टाक,' म्हणाला. मीही 'उद्याच' म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले.

लोकांना वाटतं मी विसरले. छे. त्या आठवड्यात ते पाकीट मला दिवसातून दहादा आठवलं. आंघोळ करताना आठवलं. कचेरी मागे टाकून बस दोन थांबे पुढे गेल्यावर आठवलं. रात्री दिवा मालवल्यावर तर इतकं लख्ख आठवलं, की उठून पाकीट पिशवीत ठेवलं, आणि सकाळी दुसरीच पिशवी घेऊन बाहेर पडले. रविवारी दिवसभर आठवत होतं, तेव्हा कचेरी बंद. जिथे काही करता येईल तिथे तेवढं आठवलं नाही.

आठव्या दिवशी मी दुपारी लवकर घरी आले, खास त्याच कामासाठी. पाकीट हातात, चप्पल पायात. दाराशी पोचल्यावर दिसलं की पाकिटाची एक कड सुटलीय. डिंकाची बाटली टेबलाच्या खणात असायची, म्हणून खण उघडला. त्यात बाबांच्या रेडिओचे सुटे भाग, वाळलेली पेनं, दोनदोन वर्षांच्या पावत्या, कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच माहीत नसलेल्या किल्ल्या. डिंक शोधताना एक पेन हाताला लागलं, ते चालतं का बघितलं. मग बाकीचीही बघितली. चालणारी एका बाजूला, न चालणारी दुसऱ्या. पावत्या तारखेप्रमाणे लावल्या. किल्ल्या एका कडीत ओवल्या. मी काय करतेय हे मला माहीत होतं, कुणी विचारलं असतं तर सांगताही आलं असतं. फक्त बाहेर घड्याळ चालू आहे हे आत पोचत नव्हतं. सगळा वेळ मी चप्पल घालूनच बसले होते.

दादा आला तेव्हा सात वाजून गेले होते. खण लखलखीत, आणि टेबलावर पाकीट, कड अजून सुटलेलीच. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने खणाकडे बघितलं, पाकिटाकडे बघितलं आणि म्हणाला, 'हे आवरायला वेळ होता?'

यावर माझ्याकडे सोळा वर्षं उत्तर नव्हतं. वेळ होताच की.

अडतिसाव्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले ती वेगळ्याच कारणाने, झोप आणि चिडचिड. त्यांनी तीन भेटी घेतल्या, थायरॉइड तपासायला लावलं, झोपेची चौकशी केली आणि मग म्हणाल्या, तुमचं लहानपण पाहिलेलं कुणीतरी घेऊन या. याचं कारण तुम्हाला माहीत असेलच: अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१३ च्या निकषांप्रमाणे मोठ्या माणसात नऊपैकी पाच लक्षणं पुरतात (मुलांत सहा लागतात), पण त्यातली काही तरी वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. आईबाबा दोघंही तोवर गेलेले. राहिला कोण? दादा.

दादाला वाटलं, अखेर कुणीतरी त्याची बाजू ऐकून घेणार. तयारीनिशी आला. चौथीत असताना महिन्याभरात दोन छत्र्या. सहावीत परीक्षेच्या दिवशी कंपास घरी. प्रगतिपुस्तकावर दरवर्षी तेच, 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' हाक मारली तर तिसऱ्यांदा ओ देणार. सुरू केलेल्या गोष्टी: बासरी, भरतकाम, डायरी, पुन्हा बासरी. अर्धा तास तो माझी गाऱ्हाणी सांगत होता आणि डॉक्टर मान खाली घालून लिहून घेत होत्या. पाकिटाची गोष्ट आली तेव्हा मीच म्हटलं, ते बाराव्या वर्षानंतरचं आहे, सोडा. बाहेर आल्यावर दादा वैतागला होता. 'मी सांगितलं ही आळशी आहे, त्यांनी आजार लिहून घेतला.'

आता तुमच्या घरच्यांकडे वळते. सगळेच विसरतात, सगळ्यांनाच कंटाळा येतो, हे खरंच आहे. म्हणूनच निकषांत नुसती लक्षणं मोजून भागत नाही. ती किमान सहा महिने, घरी आणि कामावर अशी निदान दोन ठिकाणी, आणि आयुष्याचं नुकसान करण्याइतकी असावी लागतात. 'सगळ्यांचंच होतं' म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो: तुमचं किती नुकसान झालं, आकडा सांगा. माझ्या दंडाच्या पावत्यांची फाइल आहे. (तीही एका दुपारी तारखेप्रमाणे लावली होती. दुसरं काम होतं तेव्हा.)

'मोबाइल आल्यापासून हे खूळ निघालं' हे दादाचं दुसरं लाडकं मत. अलेक्झांडर क्राइटन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने लक्ष एका जागी न ठरणाऱ्या माणसांचं वर्णन १७९८ साली लिहून ठेवलंय. जॉर्ज स्टिल यांची लंडनमधली व्याख्यानं १९०२ ची. चार्ल्स ब्रॅडली यांना उत्तेजक औषधाने मुलं शांतपणे अभ्यासाला बसतात हे दिसलं १९३७ मध्ये. नाव मात्र बदलत गेलं, १९८० मध्ये एडीडी (अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर), १९८७ मध्ये एडीएचडी. यातल्या कुठल्या साली मोबाइल होता ते दादाने सांगावं.

तिसरं मत, 'आपल्या घरात कुणालाच नाही.' जुळ्यांवरच्या अभ्यासांतून याची आनुवंशिकता ७० ते ८० टक्क्यांच्या घरात येते, म्हणजे जवळपास उंचीइतकी. मी शाळेत असताना आमच्या घरात सात रेडिओ उघडे पडलेले होते. बाबांनी एकही परत जोडला नाही. त्यांना सगळे कौतुकाने 'हौशी' म्हणायचे. मला आरंभशूर.

बरं, निभावणं.

रसेल बार्कली या संशोधकांनी एक गोष्ट वर्षानुवर्षं मांडलीय आणि माझ्यापुरतं सगळं तिथेच येऊन थांबतं: अडचण काय करायचं ते कळण्यात नसते, कळलेलं त्या जागी, त्या क्षणी करण्यात असते. म्हणून पुस्तकी सल्ले आपल्या कामाचे नाहीत. यादी करा, प्राधान्य ठरवा, हे मला तुमच्यापेक्षा चांगलं शिकवता येईल. उपाय हवा तो काम जिथे व्हायचंय तिथेच, डोक्याच्या बाहेर. बाहेर न्यायची वस्तू मी दाराच्या कडीला अडकवते, ती हलवल्याशिवाय दार उघडत नाही. फारच महत्त्वाचं असेल तर ती चपलेवर ठेवते. घरातले सगळे डबे पारदर्शक आहेत, कारण झाकलेलं माझ्यासाठी अस्तित्वातच नसतं. खण मी काढून टाकले. खरोखर काढले, टेबलाला आता तीन भोकं आहेत. पाहुण्यांना विचित्र दिसतं. दिसू दे.

गजर. 'वीज बिल' असा गजर लावू नका, तो वाजतो, आपण 'हो हो' म्हणून बंद करतो आणि संपलं. गजरावर पहिली हालचाल लिहा: 'ऊठ, चष्मा घे, लॅपटॉप उघड.' निघायच्या वेळेचा एकच गजर पुरत नाही, हातातलं सोडायचा एक आणि दाराबाहेर पडायचा एक. बंद करायचा तो उभं राहूनच, बसून बंद केला तर तो वाजलाच नव्हता असं समजा. घड्याळ काट्यांचं घ्या आणि प्रत्येक खोलीत लावा. आकड्यांच्या घड्याळात वेळ नुसती कळते, काट्यांच्या घड्याळात ती सरकताना दिसते. एकदा आठवडाभर रोजच्या कामांना खरंच किती मिनिटं लागतात ते मोजा. तयार व्हायला मला दहा मिनिटं लागतात अशी माझी ठाम समजूत होती. सत्तावीस निघाली. आयुष्यभर सगळीकडे उशिरा पोचण्याचं कोडं त्या सतरा मिनिटांत सुटलं.

दोन मिनिटांत होणारं काम लगेच उरका, हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. आपल्यासाठी तो सापळा आहे. डिंक शोधणं हे दोन मिनिटांचंच काम होतं. मी आता मधेच सुचलेलं प्रत्येक काम भिंतीवरच्या कागदावर टाकते आणि हातातलं संपेपर्यंत त्याला हात लावत नाही. दहापैकी सहा वेळा जमतं.

कंटाळवाण्या कामाला शेजारी माणूस बसवा. त्याने मदत करायची नाही, बोलायचं नाही, आपलं आपलं काहीतरी करत बसायचं. माझी मैत्रीण दर शनिवारी फोन चालू ठेवून तिची कामं करते, मी माझी कागदपत्रं. तासाभरात चार वाक्यं होतात. का चालतं ते विचारू नका, चालतं. आणि कुठलीही युक्ती दीड-दोन महिन्यांत शिळी होते हे धरूनच चाला. ती मेली की दुसरी आणा, रडत बसू नका. माझ्याकडे अकरा डायऱ्या आहेत, सगळ्यांत जानेवारी भरलेला.

गोळ्या. मी घेते, मेथिलफेनिडेट. मेंदूत डोपामाइन आणि नॉरअॅड्रिनलिन ही निरोप पोचवणारी रसायनं जास्त वेळ उपलब्ध राहतात असं त्याचं काम. साध्या गोळीचा असर चारेक तास. पहिल्या दिवशी मी एक पत्र वाचलं, उत्तर लिहिलं, पाठवलं. मधे काहीच झालं नाही. चमत्कार म्हणाल तर एवढाच, पण मला तो पुरला. तिसऱ्या दिवशी त्याच एकाग्रतेने मी दीड तास कपाटातल्या चादरी आकारानुसार लावल्या. गोळी लक्ष देते, ते कुठे लावायचं हे नाही सांगत. म्हणून कडीला अडकवलेली पिशवी अजून आहे. 'गोळ्यांशिवाय जमवून दाखव' असं कुणी म्हणत असेल तर दाखवायचं कुणाला हे आधी विचारा. मी सोळा वर्षं दादाला दाखवत होते, मनावर घेऊन घेऊन. फरक पडला नाही, रक्तदाब तेवढा वाढला.

हो, रक्तदाबावरून आठवलं, हे आधीच लिहायला हवं होतं. ही औषधं नाडी आणि रक्तदाब वाढवतात, भूक आणि झोप कमी करू शकतात, हृदयाचा त्रास असेल तर तो आधी सांगायचा. काहींना ती मानवत नाहीत, त्यांच्यासाठी अॅटोमॉक्सेटिनसारखी उत्तेजक नसलेली औषधं आहेत, त्यांचा गुण दिसायला काही आठवडे जातात. नैराश्य, चिंता, अपुरी झोप यांनीही असंच लक्ष उडतं, तेव्हा निदान नीट झालंय ना, याची खात्री करा. आणि मी डॉक्टर नाही, हिशेब तपासते. हेही वरच लिहायला हवं होतं.

दादाचं म्हणाल तर तो आपल्या मतावर ठाम आहे. ती नोकरी त्याला मिळालीच असती असं त्याचं म्हणणं. मला तसं वाटत नाही, पण पाकीट माझ्याकडेच राहिलं, त्यामुळे मी बोलत नाही. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र गेल्या वर्षी त्याला दिलं: वेळ होता, दादा, पण तो माझ्या हातात नव्हता. तो म्हणाला, 'वाक्य छान आहे.' म्हणजे पटलं नाही.

ऑफिसात सांगावं का, हे राहिलंच. मी वरिष्ठांना सांगितलेलं नाही. सांगून फायदा झालेले लोक असतील, माझे साहेब तसे नाहीत. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना तेवढं सांगितलंय. तिथल्या टेबलाचे खण काढता येत नाहीत. त्यातला एखादा उघडा दिसला, की त्या मान वर न करता विचारतात, 'काय शोधायला उघडला होता?'