निसर्गातील नक्षी आणि चित्रातील जीव

प्रश्न : पानांच्या शिरा, सुकलेल्या चिखलाच्या भेगा, सूर्यफूल यांवरून मी चित्रे काढते. रेषा हुबेहूब येतात, तरी चित्र छापील नक्षीसारखे निर्जीव वाटते. काय चुकत असावे?

उत्तर : तुमची नजर आकृतीवर आहे, ती आकृती ज्या क्रमाने घडली, त्याकडेही ती वळायला हवी. सुकलेला चिखल अगदी जवळून पाहा. नंतर पडलेली भेग आधीच्या भेगेला बहुधा काटकोनात येऊन मिळते आणि तिथेच थांबते. म्हणून कोणती भेग आधीची हे सांध्यावरून ओळखता येते. त्याच क्रमाने रेषा ओढल्या, की चित्रात काळ उतरतो. सूर्यफुलातील बियांची सर्पिले, म्हणजे मध्याभोवती वळत बाहेर जाणाऱ्या रांगा, तर मुळीच रेखू नयेत. मध्यापासून प्रत्येक नवा ठिपका आधीच्यापेक्षा सुमारे १३७.५ अंश वळवून किंचित बाहेर मांडत गेलात, तर सर्पिले आपोआप उमटतात, आणि मोजल्यास ती अनेकदा एका दिशेला ३४, दुसऱ्या दिशेला ५५ अशी भरतात. (हे पहिल्यांदा स्वतःच्या हाताखाली घडताना पाहण्याचा आनंद चुकवू नका.)

पान उजेडासमोर धरा. त्याच्या बारीक शिरा झाडाच्या फांद्यांसारख्या मोकळ्या सुटत नाहीत, तर एकमेकींना जोडून बंद घरे करतात, त्यामुळे किड्याने एखादी शीर कुरतडली तरी पाणी दुसऱ्या वाटेने पुढे जाते. माझ्या मते तुम्ही निर्दोष पान सोडून असे कुरतडलेले पानच चित्रासाठी निवडावे.