लेव्हलचं रक्त काढताना

बाळा, लेव्हलच्या, म्हणजे रक्तात औषध किती आहे ते बघायच्या, नळीवर नुसती तारीख लिहून भागत नाही. डोस किती वाजता सुरू झाला, कधी संपला, रक्त कधी काढलं, तिन्ही वेळा खऱ्या लिही. केसपेपरवर 8 आहे, पण आयव्ही (शिरेतली सुई) निघाली म्हणून डोस साडेनऊला लागला, तर साडेनऊच. खोट्या वेळेचा रिपोर्ट नसलेल्यापेक्षा वाईट. त्यावर डॉक्टर डोस बदलतात.

व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकची ट्रफ, म्हणजे पुढच्या डोसआधीची सगळ्यात कमी लेव्हल, साधारण चौथ्या डोसच्या आधीच्या अर्ध्या तासात काढतात. औषध चालू असलेल्या हातातून घ्यायची नाही.

आपल्याकडं तपासणी होत नाही, नमुना नागपूरला जातो. रिपोर्ट येईस्तोवर लघवीचं माप आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) यांवरच भिस्त. घोणस चावलेला पेशंट असला तर जास्तच, त्या विषानं किडनी आधीच बसलेली असू शकते. लघवी कमी झाली की अमिकासिनचा (हेही अँटिबायोटिक, किडनीला आणि कानाला त्रास देऊ शकणारं) पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नको.

अमिकासिनवाल्याला रोज विचार, कानात आवाज येते का, ऐकू कमी येते का? म्हातारी माणसं आपणहून सांगत नाहीत, "वय झालं पोरी" म्हणून सोडून देतात. आणि वजन काट्यावरच कर. अंदाजे पन्नास किलो लिहायची इथं फार खोड आहे.