चौकाबाराच्या प्रोजेक्टमध्ये इंजिनिअरिंग डिझाइन कुठे आहे?

तुझा प्रश्न मला समजला तो असा. सहावं सेमिस्टर, चौघांची टीम, तू एकटीच मेकॅनिकलची. चौकाबारा हा चार कवड्या टाकून पटावर खेळायचा खेळ तुम्ही मोबाइलवर केलात. वडगावातल्या मुलांना खेळायला दिला तर "लवकर संपतो" म्हणाली. त्यावरून टीममध्ये वाजलं: कोड लिहिणारा म्हणतो पट ५ बाय ५ चा ७ बाय ७ करू, चित्रं काढणारी म्हणते सगळी चित्रं पुन्हा काढणार नाही. आता गाईडनी रिफ्लेक्शन मागितलंय, 'यात इंजिनिअरिंग डिझाइन काय शिकलात' यावर. आणि तुला वाटतंय की आपण फक्त नियम लिहिले आणि मुलांना खेळताना बघितलं, तेव्हा आपल्याकडे लिहिण्यासारखं काही नाही.

मी खानापूर तालुक्यातला, मेकॅनिकलचाच. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत ड्रॉइंग ऑफिसात बरीच वर्षं काढली, नंतर पुण्यात गेम करणाऱ्या टीममध्ये गेलो. दोन्हीकडचं बघून सांगतो, चौघांत डिझाइनच्या सर्वांत जवळचं काम तुझंच आहे.

आधी ते भांडण घेऊ, कारण तुझ्या रिपोर्टचा गाभा तिथेच आहे. तू सहज एक ओळ लिहून गेलीस की कवड्यांसाठी कोडमध्ये १, २, ३, ४ आणि ८ या पाच आकड्यांतून एक आकडा रँडम निवडलाय. पाचही आकड्यांना सारखी संधी, म्हणजे प्रत्येकी २० टक्के. आता घरातल्या पटावर काय होतं ते बघ. चार कवड्या टाकतो. प्रत्येकीचं तोंड वर किंवा खाली, जितकी तोंडं वर तितकं दान. एकूण १६ प्रकार. एक तोंड वर पडायचे ४ प्रकार, दोनचे ६, तीनचे ४, आणि चारही तोंडं वर हा फक्त १. चारही खाली, म्हणजे आठाचं दान, तेही फक्त १. म्हणजे चार किंवा आठ पडायची शक्यता १६ त २, साडेबारा टक्के. तुमच्या कोडमध्ये तीच ४० टक्के झाली आहे. आणि चार किंवा आठ पडलं की पुन्हा दान, हा नियम तुमच्याकडेही आहे.

याचा परिणाम कागदावर काढ. खऱ्या कवड्यांत (वर-खालीची शक्यता सारखी धरली तर) एका दानाची सरासरी २.५ घरं. तुमच्या कोडमध्ये ३.६. पण खरा फरक जादा दानात आहे. कवड्यांनी एका पाळीत सरासरी ८/७ दानं मिळतात, तुमच्याकडे ५/३. गुणाकार कर: एका पाळीत सोंगटी कवड्यांनी सरासरी २.८६ घरं जाते, तुमच्या फोनवर ६ घरं. दुपटीहून जास्त. ५ बाय ५ च्या पटावर घरातून निघून मधल्या घरात पोचायला २४ पावलं, चार सोंगट्यांची ९६. मारामारी सोडून दिली तर कवड्यांनी साधारण ३४ पाळ्या लागतात, फोनवर १६. मुलं "लवकर संपतो" म्हणाली ते अगदी बरोबर म्हणाली.

आता ७ बाय ७ चा उपाय तपासू. तिथे वाट ४८ पावलांची, म्हणजे बरोबर दुप्पट. डाव पुन्हा तितक्याच पाळ्यांचा होईल आणि सगळ्यांना वाटेल की प्रश्न सुटला. पण जादा दानं ४० टक्केच राहतील. एका पाळीत तीन किंवा जास्त दानं मिळायची शक्यता कवड्यांत दीड टक्क्याच्या आसपास असते, तुमच्याकडे १६ टक्के. बाकीचे तिघं नुसते बघत बसणार. तक्रार दिसेनाशी होईल, दोष तसाच राहील, आणि वर सगळी चित्रं पुन्हा काढावी लागतील. दुसरीकडे कवड्यांचं फंक्शन बदलायला काही ओळी पुरतात: चार वेळा ० किंवा १ काढायचा, बेरीज करायची, बेरीज शून्य आली तर आठ. चित्राला हात लावायची गरज नाही. तक्रार ऐकली, ती आकड्यात मांडली, कारण शोधलं, आणि कमीत कमी तोडफोडीत बदल केला. इंजिनिअरिंग डिझाइन म्हणतात ते हेच. व्हीटीयूच्या (आपल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) २०२२ च्या स्कीममध्ये पहिल्या वर्षाला इनोव्हेशन अँड डिझाइन थिंकिंग नावाचा विषय आहे, त्यातल्या पायऱ्या परीक्षेपुरत्या पाठ केल्या असशील. इथे त्या तुमच्या हातून घडल्यात, फक्त कुणी लिहून ठेवल्या नाहीत.

अजून एक पाऊल पुढे जाऊ शकतेस, आणि जावंस असं मला मनापासून वाटतं. खरी कवडी नाण्यासारखी नसते. पाठ फुगीर, तोंडाची बाजू सपाट, त्यामुळे दोन्ही बाजूंची शक्यता सारखी असेलच असं नाही. पूजेच्या सामानाच्या दुकानातून चार कवड्या आण, २५० वेळा टाक, प्रत्येक वेळी किती तोंडं वर पडली ते लिही. हजार नोंदी होतील, आणि आलेल्या टक्केवारीत साधारण तीन टक्क्यांची कमी-जास्त धरायची. समज, तोंड वर पडायची शक्यता ४० टक्के निघाली. मग चौका २.५६ टक्के आणि आठ १२.९६ टक्के. म्हणजे आठाचं दान चौक्याच्या पाचपट वेळा पडणार. खेळाची चवच बदलते. आजी पट मांडून बसली की तिच्या कवड्यांचा स्वभाव तिला ठाऊक असतो, तो तुमच्या फोनमध्ये आणता येतो. मोजमाप केलंस तर परीक्षकांसमोर ठेवायला तुझ्याकडे स्वतःचा डेटा असेल, आणि मेकॅनिकलच्या मुलीचं गेममध्ये काय काम, हे विचारायला कुणी उरणार नाही.

आता टीमबद्दल. उद्यमबागेत शाफ्ट (फिरणारा दांडा) एका वर्कशॉपमध्ये टर्न होतो, तो ज्यात फिरतो तो बुश दुसऱ्या वर्कशॉपमध्ये. दोन्ही ऑपरेटर एकमेकांना ओळखतही नसतात. तरी २५ मिलिमीटरचा शाफ्ट बुशमध्ये नीट फिरतो, कारण ड्रॉइंगवर एच७/जी६ लिहिलेलं असतं, म्हणजे दोन्ही मापांच्या मर्यादांचा कोड. भोक २५.००० ते २५.०२१ च्या आत, शाफ्ट २४.९८० ते २४.९९३ च्या आत. कमीत कमी ७ मायक्रॉन मोकळीक, जास्तीत जास्त ४१. कोण किती हुशार, कोण रात्री किती जागला, हा प्रश्न तिथे येत नाही. दोन कामं जिथे जुळतात तो सांधा आधी ठरलेला असतो.

तुमच्या टीममधली प्रत्येक कुरबूर मी पुन्हा वाचली तेव्हा ती सांध्यावरच सापडली. सोंगटीचं चित्र घराच्या मध्यभागी बसत नव्हतं: चित्राचा पिव्हट (ज्या बिंदूवर धरून चित्र जागेवर बसवतात तो) मध्यभागी ठेवायचा की तळाला, हे ठरलं नव्हतं. बोटाने दाबलेली सोंगटी निवडली जात नव्हती: घर पडद्यावर किती मोठं हवं, हे ठरलं नव्हतं. (अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांत दाबायच्या जागेसाठी किमान ४८ डीपी (पडद्यावरचं मापाचं एकक) सांगितलंय, पडद्यावर साधारण ९ मिलिमीटर. लहान फोनवर ७ बाय ७ चा पट यात बसतो का ते मोजून बघ, त्या प्रस्तावाविरुद्ध आणखी एक मुद्दा कदाचित मिळेल.) दोघांनी एकाच वेळी एकच सीन (खेळातला एक पडदा) बदलला आणि गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांचे बदल एकत्र ठेवायच्या साधनात, मर्ज अडकला: कोणता सीन कुणाचा, हे ठरलं नव्हतं. यात कुणी आळशी नव्हतं, कुणी वाईट नव्हतं. जे ठरवायला हवं होतं ते ठरवणं कुणाच्याच वाट्याला दिलेलं नव्हतं. तू नियमांचा जो कागद केलास, त्यात 'एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येणार नाही' किंवा 'फुलीच्या घरात सोंगटी मारता येत नाही' अशा ओळी आहेत. त्या या खेळाच्या टॉलरन्स, म्हणजे ठरलेल्या मर्यादा आहेत. घराघरात हे नियम थोडे वेगळे असतात, त्यातून तुमच्या खेळासाठी एक पाठ पक्का करणं हे स्पेसिफिकेशनचं काम आहे, आणि ते तू केलंस.

भाषेचा सांधा तर आपल्याकडे खासच. तुझ्या टीममधला गोकाकचा मुलगा कन्नड बोलणारा, तुम्ही तिघं मराठी, कोडमधल्या कॉमेंट इंग्रजीत, भांडण हिंदीत. खेळ मराठी आणि कन्नड दोन्हींत हवा, हे तुम्ही पहिल्याच दिवशी ठरवलंत, ते फार चांगलं केलंत. पण मग युनिटी या गेम इंजिनच्या टेक्स्टमेश प्रोमध्ये (अक्षरं दाखवायच्या भागात) जोडाक्षरं फुटली, ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी गेली, आणि तुम्ही नियमांची पानंच चित्र म्हणून टाकलीत. वेळेत सुटायला तो मार्ग ठीक होता. रिपोर्टमध्ये मात्र त्याची किंमत लिही: आता नियमातला एक शब्द बदलला तरी चित्रं काढणारीला दोन भाषांत दोन पानं पुन्हा करावी लागतात. मार्च २०२३ मध्ये आलेल्या गोदो ४ या दुसऱ्या गेम इंजिनमध्ये देवनागरी आणि कन्नडसारख्या लिप्यांची अक्षरजुळणी इंजिनमध्येच होते. म्हणजे 'दोन भाषा' ही गरज इंजिन निवडायच्या आधी तपासली असती तर निवड कदाचित वेगळी झाली असती. हे लिहायला संकोच करू नकोस. गरज आणि साधन यांचा मेळ कुठे बसला नाही, हे ओळखून मांडणाऱ्या विद्यार्थ्याला कुठलाही चांगला परीक्षक मान देतो.

वडगावातल्या मुलांच्या चाचणीबद्दल थोडंच सांगतो, कारण ती तू बऱ्यापैकी नीट केलीस. पुढच्या वेळी फोन हातात दिल्यावर बोलायचं नाही. मदत नाही, खूण नाही. बोट कुठे थांबतं, चेहरा कधी दुसरीकडे वळतो, एवढंच लिहायचं. एक मुलगा "काय होऊलालंय कळंना" म्हणाला असं तू लिहिलंयस. त्या क्षणी पडद्यावर काय होतं ते नोंदलंस का? वाक्यापेक्षा ते महत्त्वाचं. आणि पाच-सहा मुलांच्या चाचणीवरून टक्केवारी काढू नकोस. एवढ्या मुलांतून मोठा दोष सापडतो, प्रमाण सापडत नाही. गोकाककडच्या दोन-चार मुलांकडूनही खेळवून घे, कन्नड पानं अजून कुणी परक्याने वाचलेली दिसत नाहीत.

रिफ्लेक्शनमध्ये काय लिहायचं? 'आम्ही टीमवर्क आणि टाइम मॅनेजमेंट शिकलो' हे वाक्य खरं असलं तरी गाळ. तसं वाक्य प्रत्येक रिपोर्टमध्ये असतं आणि त्यातून तुमचा प्रोजेक्ट दिसत नाही. त्याऐवजी तीन-चार निर्णय निवड आणि प्रत्येकाबद्दल लिही: कशामुळे प्रश्न पडला, कोणते पर्याय होते, काय मोजलं, काय निवडलं, त्याने काय बिघडलं. कवड्यांचा निर्णय सर्वांत मोठा असू दे, दीड पान गेलं तरी चालेल. पिव्हटला दोन ओळी पुरतील. सगळ्यांना सारखी जागा द्यायची गरज नाही. कच्चा खर्डा आधी मराठीत लिही. इंग्रजीत एकदम लिहायला बसलं की आपल्याकडची मुलं पाठ केलेली वाक्यं लिहितात, हे मी ड्रॉइंग ऑफिसात नव्याने आलेल्यांच्या रिपोर्टमध्ये फार बघितलंय. विचार मराठीत पक्का झाला की इंग्रजी करायला वेळ लागत नाही.

एकट्याने जास्त काम केल्याची टीममधली तक्रार रिपोर्टमध्ये आणू नकोस. गिटमध्ये नोंदवलेले बदल (कमिट) किती, ओळी किती, यावरून काही ठरत नाही. कवड्यांचं फंक्शन दुरुस्त करणाऱ्याच्या नावावर पाच-सहा ओळीच दिसतील. पण प्रत्येक निर्णयाशेजारी तो कुणी मांडला आणि कुणी अमलात आणला ते नावानिशी लिही. ७ बाय ७ चा प्रस्ताव मांडणाऱ्याचंही नाव तिथे सन्मानाने येऊ दे. त्याच्या प्रस्तावामुळेच आकडेमोड करावी लागली.

शेवटचं तू विचारलंस, सबमिशनच्या आधी बदल करावा का. कर, पण फक्त कवड्यांचं फंक्शन. पट ५ बाय ५ च ठेवा, चित्रांना हात लावू नका. जुनी आणि नवी दोन्ही बिल्ड (खेळाच्या तयार आवृत्त्या) जपून ठेवा. वडगावातल्या त्याच मुलांना नवी बिल्ड द्या, काय बदललं ते सांगू नका, आणि डाव किती पाळ्यांत संपला ते मोजा. सोंगट्या मारल्या जातात तेव्हा त्या परत घरी जातात, त्यामुळे आकडा बहुतेक ३४ च्या वर येईल. किती वर, हे तुमच्या मोजणीतून कळेल. ती नोंदवही स्कॅन करून परिशिष्टात लावा, हस्ताक्षर वाईट असलं तरी.