फायबरच्या छताला भुकटी का येते?

प्रश्न : टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली आमची मोटरहोम, म्हणजे राहायची गाडी, रावेरजवळ केळीच्या बागेशेजारी उघड्यावर उभी असते. छताच्या फायबरला हात लावला की पांढरी भुकटी लागते. बोअरच्या पाण्याने धुतल्यावर डागही राहतात. काय करावं?

उत्तर : ताई, ती भुकटी म्हणजे आपल्या उन्हानं जळालेला जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर. त्यावर थेट वॅक्स लावू नका, टिकत नाही. आधी बारीक कंपाउंडने (घासायच्या पेस्टने) घासून जुनी चमक वर आणा, मग वॅक्स. एकदा फेब्रुवारीत, एकदा पावसाळ्यानंतर.

डाग बोअरच्या क्षारांचे. गाडी सकाळी सावलीत धुवा, वरून खाली, कार शाम्पूने; कपड्यांची पावडर वॅक्स काढून टाकते. पाणी अंगावर वाळू न देता मायक्रोफायबरने लगेच पुसा. जुन्या डागांना पाणी घातलेलं व्हिनेगर चालतं, पण नंतर भरपूर पाणी मारा.

केळीचा चीक ओला असतानाच धुवा. वाळला की काळा पडतो, कपड्यांवरचा तुम्हाला ठाऊकच आहे.

आणि प्रेशर पंपाचा फवारा खिडक्या, छतावरची झडप, सांध्यांचं सीलंट यांवर कधीच धरू नका. पाणी आत शिरलं तर प्लायवूड कुजतं. चमक गेली तर परत आणता येते. कुजलेली भिंत बदलावीच लागते.