मेंढपाळ ते जमीनमंत्री: जॉन मॅकेंझींबद्दल तुमचे प्रश्न

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून १८६० साली न्यूझीलंडला गेलेले, आधी मेंढपाळ, मग शेतकरी आणि १८९१ पासून जमीन व शेतीमंत्री झालेले जॉन मॅकेंझी. त्यांच्याबद्दल आलेले हे काही प्रश्न.

मोठ्या जमीनदारांवर त्यांचा एवढा राग का?

१८४५ च्या मे महिन्यात स्कॉटलंडमधल्या ग्लेनकॅल्व्ही खोऱ्यातली कुळं घराबाहेर काढली गेली. मालकाला तिथे मेंढ्या हव्या होत्या. बायकापोरांसह ती माणसं क्रोइकच्या चर्चच्या आवारात, थडग्यांमध्ये, घोंगड्यांचा आडोसा करून राहिली. खिडकीच्या काचांवर त्यांनी खरडलेली अक्षरं आजही वाचता येतात: ‘ग्लेनकॅल्व्हीचे लोक, दुष्ट पिढी’. दुष्ट म्हणजे मालक नव्हे, आपणच! आपल्याच पापाची शिक्षा म्हणून ही वेळ आली, असं त्यांना वाटत होतं. पाच वर्षांच्या जॉनने हा मुक्काम पाहिला होता, असं सांगतात. त्याचे वडीलही कूळच, पण बरं चाललेलं.

सरकारने चेव्हियटची जमीन जबरदस्तीने घेतली का?

नाही, आणि गंमत तिथेच आहे. चेव्हियट म्हणजे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरची सुमारे ८४,००० एकरांची एकच इस्टेट. मालक ‘रोकडा’ रॉबिन्सन मरण पावल्यावर ती विश्वस्तांकडे होती. १८९१ च्या जमीन करासाठी सरकारने तिची किंमत ३ लाख पौंडांवर धरली. विश्वस्त म्हणाले, फार झाली, २ लाख ६० हजारच योग्य. कायद्यात सोय अशी, की मालक आकड्यावर अडून बसला तर सरकारने एकतर आकडा मान्य करायचा, नाहीतर त्याच किमतीला जमीन विकत घ्यायची. मॅकेंझींनी १८९३ मध्ये सरळ ती घेऊन टाकली! तुकडे पाडून शेतकऱ्यांना दिली. सक्तीने घेण्याचा अधिकार १८९४ च्या कायद्याने आला, आणि तो हाताशी आहे म्हटल्यावर बरेच मालक आपणहून सौद्याला बसले.

शेतकऱ्यांना सरकारी जमीन ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने? मग मालकीच का दिली नाही?

मालकी दिली की कर्जात बुडालेला शेतकरी शेजारच्या धनिकाला विकणार, आणि पुन्हा इस्टेटी तयार होणार, ही भीती. १८९२ च्या कायद्याने मूळ किमतीच्या चार टक्के वार्षिक खंड ठरला, तोही कधी न वाढणारा. माझ्या मते ही मालकीच होती, फक्त सातबाऱ्यावर नाव सरकारचं! पुढे १९०७ मध्ये असे नवे पट्टे देणं बंद झालं.

माओरींच्या, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, जमिनीचं काय?

हा प्रश्न एकाच वाचकाने विचारला, आणि तोच सगळ्यात अवघड आहे. गोऱ्या जमीनदारांच्या इस्टेटी फोडल्या त्यापेक्षा कितीतरी जास्त जमीन याच सरकारने माओरींकडून घेतली. १८९४ मध्ये माओरी जमीन विकत घेण्याचा हक्क सरकारने स्वतःकडेच ठेवला. दुसरा गिऱ्हाईकच नसल्यावर भाव कोण ठरवणार? इस्टेटीच्या एकराला मिळे त्याचा एक छोटासा हिस्सा माओरींच्या हाती पडे. मॅकेंझींचं म्हणणं, जमीन ‘पडून’ आहे. ग्लेनकॅल्व्हीच्या मालकालाही आपलं खोरं वाया जातंय असंच वाटलं असणार.

त्यांना ‘सर’ कधी केलं?

जून १९०१ मध्ये. तोवर ते खूप आजारी होते. दौऱ्यावर आलेल्या ब्रिटिश राजपुत्राची गाडी त्यांच्या घराजवळ थांबवली गेली आणि रेल्वेच्या डब्यातच हा समारंभ उरकला. ऑगस्टमध्ये ते गेले.