आधी अक्षरं, मग तिकिटं

प्रिय मुली,

तुझ्या जपानच्या सहलीची चार पानांची यादी दोनदा वाचली. पहिल्यांदा कौतुकानं, दुसऱ्यांदा काळजीनं. सोळा दिवस, त्रेचाळीस ठिकाणं, प्रत्येकापुढे वेळ, आणि शेवटी तुझं ते वाक्य : "मावशी, सगळं बघून ठेवलंय तरी पोटात गोळा येतो. काय राहिलंय तेच कळत नाही."

काय राहिलंय ते मला कळलं. चार पानांत जपानी अक्षर एकही नाही. टोकियो, नारा, क्योटो, कोयासान, सगळं तू रोमन लिपीत लिहिलंस. आयुष्यात पहिल्यांदा तू अशा ठिकाणी निघाली आहेस जिथे तुला पाटी वाचता येणार नाही, आणि पोटातला गोळा त्याचाच आहे. रेल्वेचा पास घ्यावा की सुटी तिकिटं, क्योटोत तीन रात्री की चार, हे सगळं त्यानंतरचं. आधी अक्षरं, मग तिकिटं.

तू लगेच म्हणशील, हजारो चिन्हं असतात, कशी शिकू? हजारो असतात ती कांजी, म्हणजे चीनहून आलेली चिन्हं. ती मी मागतच नाहीये. मी मागतेय काताकाना : ४६ अक्षरं. रोज पाच घेतलीस तर दहाव्या दिवशी संपतात. मग तेवढीच हिरागाना, म्हणजे जपानी शब्दांसाठीची दुसरी उच्चाराची लिपी. तुझ्या हातात सात आठवडे आहेत. एवढं होत नसेल तर त्रेचाळीस ठिकाणांचं वेळापत्रक करायला वेळ कुठून मिळाला, ते मला सांग.

काताकाना आधी, कारण परदेशी शब्द जपानी लोक त्या लिपीत लिहितात, म्हणजे ती वाचता आली की अर्थ बऱ्याचदा तुला आधीच ठाऊक असतो. कोही म्हणजे कॉफी, बीरु म्हणजे बिअर, तोइरे म्हणजे टॉयलेट, होतेरु, ताकुशी, बासु, आणि कारे म्हणजे करी. अक्षरापुढे आडवी रेघ दिसली की आधीचा स्वर लांबवायचा, एवढाच नियम. ब्रेडला ते 'पान' म्हणतात. पोर्तुगीज सोळाव्या शतकात तिथे पोचले, त्यांनी दिलेला शब्द. आपला 'पाव'ही त्याच पोर्तुगीज शब्दाचा.

आता तक्ता उघड आणि मोठ्यानं वाच. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. कानाला काही लागलं? क, च, त, न, प, म, य, र, व. च-च्या जागी स आहे आणि प-च्या जागी ह, कारण जुन्या जपानीत तो ह 'प'च होता. अघोष अक्षराच्या डोक्याशी दोन बारीक रेघा दिल्या की ते घोष होतं, क-चा ग, त-चा द. ही आपलीच वर्णमाला आहे. बौद्ध भिक्षू मंत्रांसाठी संस्कृत शिकत, सिद्धम् ही जुनी भारतीय लिपी गिरवत, आणि तिच्याच क्रमानं त्यांनी आपले ध्वनी मांडून घेतले. काताकानाही भिक्षूंनीच घडवली, चिनी पोथ्यांच्या ओळींमध्ये उच्चाराच्या खुणा करायला, कांजीचा एखादा तुकडा उचलून. दुसऱ्या कुठल्या प्रवाशाला पाठ करावा लागणारा क्रम तुला पहिलीपासून येतो, आणि तरी तू तो तक्ता उघडलेला नाहीस. याचा मला खरंच राग येतो.

माझा राग कुठून येतो तेही सांगते.

मी पहिल्यांदा गेले १९९८ साली, नऊ दिवसांसाठी. अक्षर एक येत नव्हतं. सगळे सांगायचे, जपानी माणसं इतकी मदत करतात की काही अडत नाही. ते खरंच आहे, काही अडलं नाही. तिसऱ्या दिवशी खेड्याकडे जाणाऱ्या दोन डब्यांच्या गाडीत मी दुसऱ्या डब्याच्या दाराशी बॅग घेऊन उभी राहिले. स्टेशन आलं, दार उघडलं नाही, गाडी सुटली. गाडीच्या कपाळावर काताकानात 'वान्मान' असं लिहिलेलं होतं. चार अक्षरं, त्यातली दोन एकच. वन मॅन, म्हणजे गाडीत कर्मचारी एकटा चालक. अशा गाडीत बहुधा मागच्या दारानं चढतात, चढताना आकड्याची चिठ्ठी घेतात, समोरच्या फलकावर त्या आकड्याखाली भाडं दिसतं, आणि उतरताना चालकाशेजारच्या पेटीत पैसे टाकतात. स्टेशनवर माणूस नसेल तर फक्त पहिल्या डब्याचं दार उघडतं. पुढच्या स्टेशनवर मी एकटी सव्वा तास बसले. बाहेरच्या पाटीवर हिरागानात मोठ्ठं नाव होतं. मी त्याच्याकडे बघत होते आणि मी कुठे आहे हे मला सांगता येत नव्हतं.

पण खरी बोच याची नाही. आणखी तीन दिवसांनी एका मिन्शुकुत राहिले, म्हणजे घरगुती मुक्कामाची जागा. म्हातारी एकटीच चालवत होती. निघायच्या सकाळी धो धो पाऊस. दाराशी माझे बूट बाहेरच्या दिशेनं वळवून ठेवलेले, शेजारी छत्री, छत्रीच्या मुठीखाली घडी केलेला कागद. आत कुणी दिसेना. मला वाटलं, आभाराची चिठ्ठी असेल. घराकडे तोंड करून वाकले, चिठ्ठी पर्समध्ये टाकली, छत्री कुणाची तरी असेल म्हणून तिथेच ठेवली आणि चार किलोमीटर भिजत स्टेशनला गेले.

ती चिठ्ठी मी एका वहीत आठवण म्हणून जपली. नऊ वर्षांनी अक्षरं शिकले तेव्हा ती काढली. "गाडीनं स्टेशनपर्यंत सोडते. थांबा." सगळं हिरागानात, एक कांजी नाही, आणि शब्दाशब्दांत जागा सोडलेली. मोठी माणसं जपानी असं लिहीत नाहीत. पहिलीच्या पोरांसाठी असं लिहितात. तिनं माझ्यासाठी तसं लिहिलं होतं. ती बहुधा गाडी काढायलाच गेली होती. मी पत्र पाठवलं, ते परत आलं.

त्या वेळी असे फोन नव्हते, मला नोकरी होती, रजा कशीबशी मिळाली होती, हे मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. रजा कशीबशी मिळाली हे खरं, पण जायच्या आधी दहा संध्याकाळी होत्या. आता माझ्यासोबत सहलीला येणाऱ्यांना मी तक्ता पाठ करायला लावते तेव्हा लोक म्हणतात, सहल आहे, परीक्षा नाही. दोघी तर त्यावरून यायच्या थांबल्या. थांबू देत. मी काही चुकीचं मागत नाहीये.

फोनच्या कॅमेऱ्याचं तू म्हणशीलच. वापर की. कांजीसाठी मीही वापरते. पण कॅमेरा तुला अर्थ देतो आणि अक्षर झाकून टाकतो. सोळा दिवसांनी तू जिथे होतीस तिथेच असतेस. शिवाय छोट्या खानावळीत भिंतीवर ब्रशनं उभा लिहिलेला मेन्यू असतो, त्याच्यापुढे कॅमेरा काहीबाही बोलतो.

आणि खाण्याचीच तर तुला सगळ्यात जास्त भीती आहे. तू मांसमासे खात नाहीस. 'मासा नको' म्हटलंस तर वरचा मासा काढतील, पण खालचं पाणी दाशी असतं, आणि दाशी बहुधा कात्सुओच्या, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांची. मिसो सूप, उदोन नूडल्सचं पातळ, तेम्पुराच्या भज्यांबरोबरचं बुडवायचं पाणी, सगळीकडे ती. दुकानातल्या पाकिटांवर अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा, शेंगदाणे यांची नोंद कायद्यानं असतेच. कात्सुओला तो नियम नाही, तो घटकांच्या यादीत शोधावा लागतो. का, त्सु, ओ. तीन अक्षरं. दुसरा शब्द 'एकिसु', म्हणजे अर्क. बटाट्याच्या वेफर्सवर, भाज्यांचं चित्र असलेल्या नूडल्सवर पाठीमागे 'चिकिन एकिसु', 'पोकु एकिसु' निघतं, शुद्ध काताकानात. हे तुला वाचता आलं की निम्मी भीती गेली. आधी अक्षरं, म्हणून ओरडते ती याचसाठी.

निर्धास्त जेवायचं तर कोयासानला. तिथल्या मठांत राहता येतं, जेवण शोजिन र्‍योरी, म्हणजे भिक्षूंचं : मांसमासा नाही, कांदा-लसूणही नाही, दाशी कोम्बू शेवाळाची आणि शिइताके अळिंबीची. ओसाकाच्या नाम्बाहून नान्काई रेल्वेनं गोकुराकुबाशी, तिथून केबल कार, वर बस. स्टेशनवरून गावात पायी जायला परवानगी नाही, बसच घे. जेवण लवकर वाढतात, सहाच्या आतबाहेर. उशिरा पोचू नकोस.

तू कोयासानला एक दुपार ठेवली आहेस आणि नाराच्या तोदाईजी मंदिराला पंचवीस मिनिटं. पंचवीस मिनिटं! तिथल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे ७५२ साली ज्यानं रंगवून उघडले तो बोधिसेन भारतातून आलेला भिक्षू होता. कोयासान वसवणारा कूकाई ८०४ साली चीनला गेला, तिथे संस्कृतही शिकला. तिथल्या ओकुनोइन या स्मशानभूमीत उंच सुगी झाडांखाली दोन लाखांहून अधिक समाध्या आहेत. त्यातल्या पाच थरांच्या दगडी मनोऱ्यांवर खालून वर पाच अक्षरं असतात : अ, व, र, ह, ख. पृथ्वी, जल, अग्नी, वायू, आकाश. समाध्यांमागे लाकडी फळ्या उभ्या असतात, त्यांना सोतोबा म्हणतात, आपल्या 'स्तूप'वरून, आणि त्यांवरही तीच सिद्धम् अक्षरं, देवनागरीची चुलत भावंडं. १९९८ला मी त्यांचे फोटो काढले, नक्षी म्हणून. एक वयस्क भिक्षू बोट दाखवून मला 'बोन्जी, बोन्जी' म्हणत होते. बोन्जी म्हणजे संस्कृत अक्षरं. मी हसून मान डोलावली आणि पुढे गेले. तू तसं करणार नाहीस. तिथे एक रात्र राहा. यादीतली दहा ठिकाणं खोड, कुठली ते मी विचारणार नाही.

बाकीचं भराभर. रेल्वेचा सात दिवसांचा देशभराचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० वर गेला. टोकियो-क्योटो एका बाजूला साधारण १४,००० येन पडतात, तेव्हा तुझ्या मार्गाला तो परवडत नाही. सुटी तिकिटं काढ. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर जाणारी बॅग शिनकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, आरक्षणाशिवाय नेऊ नकोस. त्यापेक्षा ताक्क्युबिननं, म्हणजे सामान पोचवणाऱ्या सेवेनं, पुढच्या हॉटेलला पाठव, बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते. शहरात फिरायला सुइका नाहीतर इकोका कार्ड, आधी पैसे भरून ठेवायचं. शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास संपतात. वीज १०० व्होल्ट, प्लग दोन चपट्या पायांचा. टिप देऊ नकोस, मागे धावत येऊन परत करतील. पासपोर्ट सतत अंगावर ठेव, कायदा आहे. औषधांचं मात्र आजच बघ : सर्दीच्या ज्या गोळ्यांत सुडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असतं त्या आधी परवानगी काढल्याशिवाय नेता येत नाहीत, आणि अॅम्फेटामिन असलेलं औषध डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नाही. इथे 'बघू नंतर' चालत नाही.

भूकंपाचं तू विचारलंस. पोलीस ११०, अग्निशमन आणि रुग्णवाहिका ११९. फोन अचानक कर्कश वाजला तर आधी डोकं झाक, टेबलाखाली जा. समुद्राजवळ असशील तर हादरे थांबताच उंचावर चाल, सामान घेऊ नकोस. १७ जानेवारी १९९५ला कोबे हादरलं तेव्हा तिथल्या परदेशी माणसांना सूचनाच कळल्या नाहीत. त्यातून 'यासाशी निहोंगो' आलं, सोपं जपानी : छोटी वाक्यं, सोपे शब्द, कांजी आली तर सोबत तिचा उच्चार हिरागानात. १ जानेवारी २०२४ला नोतोला भूकंप झाला, तेव्हा टीव्हीच्या पडद्यावर मोठ्या हिरागानात आलं : 'निगेते'. पळा. त्या म्हातारीनं छत्रीखाली जे केलं तेच. ती माणसं आपल्यासाठी आपली भाषा इतकी सोपी करतात, आणि आपण ४६ अक्षरं शिकत नाही. मला हे सहन होत नाही, तू मला कितीही हट्टी म्हण.

कांजी हवीच असेल तर पाच-सहा घे. चौकोन म्हणजे तोंड, 'कुची'. इरिगुची आत जायचं दार, देगुची बाहेर यायचं, दोन्हींत शेवटी तो चौकोन. पुरुष, स्त्री, मांस, मासा. पुरे.

आज रात्री आ-ची आणि का-ची ओळ. प्रत्येक अक्षर दहा वेळा, हातानं, वहीत. शी आणि त्सु सगळ्यांचे गोंधळतात : दोन बारीक रेघा आणि एक मोठी. शी-च्या रेघा डावीकडे एकाखाली एक, त्सु-च्या वरती शेजारी शेजारी. सो आणि न्-चंही तसंच. मुक्कामाच्या ठिकाणी भरायच्या अर्जात नावाखाली उच्चाराची जागा असते, तिथे तुझं नाव काताकानात लिहावं लागेल. तुझ्या नावातला ल त्यांच्याकडे नाही, तो र होईल, आणि शेवटचं अक्षर लांब असल्यामुळे आडवी रेघ येईल. ते नाव लिहून रविवारपर्यंत मला फोटो पाठव. टायपून नाही.

तुझी,
मावशी