अर्ज कोणाचा, आयुष्य कोणाचे?

प्रश्न : मुलगा यंदा ८४ टक्के मिळवून दहावी पास झाला. गणेश चवथीआधीचे दोन महिने तो मामाच्या चित्रशाळेतच, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवतात तिथेच, असतो. माती मळण्यापासून डोळ्यांच्या आखणीपर्यंत सगळे करतो. त्याला मूर्तिकामच करायचे आहे. बाबांनी मात्र इंजिनिअरिंग डोळ्यांसमोर ठेवून अकरावी विज्ञानाचा अर्ज भरला. ‘आता रडेल, पुढे पाया पडेल,’ असे ते म्हणतात. आम्ही चुकतोय का?
– एक आई, डिचोली

उत्तर : विज्ञान सुचवण्यात चूक नाही. त्याला न विचारता अर्ज भरला असेल, तर ती मोठी चूक आहे. भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातले बारावे कलम सांगते की, मुलाला स्वतःबद्दलच्या निर्णयात मत मांडू द्यावे आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्यावे. तुमचा मुलगा लहान नाही. ‘पुढे पाया पडेल’ या हिशेबात ज्यांचे बरे झाले तेच धरले जातात; जे मनाविरुद्ध शिकून गप्प बसले, ते मोजलेच जात नाहीत.

बाबांची भीती मात्र खरी आहे. चित्रशाळेचा हंगाम थोडा, घरखर्च बारा महिन्यांचा. म्हणून मुलाला मामाजवळ वही घेऊन बसवा : मूर्ती किती झाल्या, माती, रंग, मजुरी, जागेचे भाडे किती गेले, हातात काय उरले. उरलेल्या रकमेला दोनाने नव्हे, बाराने भागा. आकडा मुलानेच काढावा. तो त्याच्यापासून लपवणे किंवा मुद्दाम कमी सांगणे, दोन्ही फसवणूकच.

कल खरा की हौस, हे रंगकामावरून कळत नाही. रंगवायला सगळ्यांनाच आवडते. मातीतले खडे वेचताना तो टिकतो का, ते पाहा. सुकत आलेल्या धडाला ओला हात जोडला की सांध्याला चीर जाते, कारण ओली माती सुकताना जास्त आकसते. अशी चीर गेल्यावर तो नुसता लिंपून मोकळा होतो, की का गेली ते शोधून पुढच्या वेळी दोन्ही भाग सारखे ओले ठेवतो? मामाला हेच विचारा. दुसरे उत्तर आले, तर हौस म्हणून झटकू नका.

आता दारांचे. पणजीतल्या आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयातल्या चार वर्षांच्या बीएफए या कलेच्या पदवीसाठी बारावी विज्ञान असण्याची गरज नाही. आर्किटेक्चरला मात्र बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित लागते. हे दार उघडे ठेवावे असे त्यालाच वाटले, तर विज्ञान घेण्यात अर्थ आहे. नाहीतर दोन वर्षे केवळ बाबांच्या समाधानासाठी जातील. शाखा कधीपर्यंत बदलता येते, ते प्रवेशाआधीच हायर सेकंडरीत विचारून घ्या. उशीर झाला की वर्ष वाया जाते.

त्याने विज्ञान घेतलेच, तर रविवारची चित्रशाळा तोडू नका. जेईईच्या क्लासची दोन वर्षांची फीही एकदम भरू नका. पैसे अडकले की ‘एवढे भरलेत, आता कसा सोडणार?’ हेच घरात ऐकू येते, आणि मुलगा बोलायचाच थांबतो.

प्रश्न : कलचाचणीत मुलीला ‘वाणिज्य’ आले. तिला नर्सिंग हवे. चाचणी मानावी का?
– एक पालक, पेडणे

उत्तर : आधी चाचणी कशाची होती ते पाहा. आवड मोजणारी आणि क्षमता मोजणारी या वेगळ्या चाचण्या असतात. निकाल नुसता एका शब्दात दिला असेल, तर समुपदेशकाकडून प्रत्येक भागातले गुण मागा आणि मुलीसमोरच समजून घ्या. मग नर्सिंग करणाऱ्या ओळखीच्या कोणाशी तिला बोलू द्या : रात्रपाळी, तासन्‌तास उभे राहणे, रक्त, जखमा, सगळे. तरीही ती ‘हो’ म्हणाली, तर चाचणीचा कागद तिच्या आड आणू नका.